करमत नाही म्हणणारे सुपरहिरो

क्वालालंपूर शहरातील मेर्डेका ११८ ही इमारत उंचीच्या बाबतीत दुबईच्या बुर्ज खलिफाच्या खालोखाल मोजली जाते. तिची उंची सुमारे ६७९ मीटर आहे. २०२५ साली आलेल्या ‘थंडरबोल्ट्स’ या, सुपरहिरोंचे चित्रपट काढणाऱ्या मार्व्हल कंपनीच्या चित्रपटाची सुरुवात या इमारतीच्या माथ्यावर होते. येलेना बेलोव्हा ही लढाईत मुरलेली तरुणी अगदी कडेला उभी आहे. आपल्या आत काहीतरी पोकळ झाले आहे, बहीण गेली तेव्हापासून ते सुरू झाले असे वाटत होते, पण आता ते त्याहून मोठे असावे, असे ती सपाट आवाजात सांगते आणि खाली झेपावते. पॅराशूट उघडते. एवढे सगळे बोलून झाल्यावर, कदाचित आपल्याला नुसताच कंटाळा आला असेल, अशी पुस्ती ती जोडते आणि नेहमीसारखी कामाला लागते.

मराठीत इथे ‘कंटाळा’ हा शब्द नीट बसत नाही. आमच्याकडे, म्हणजे मराठवाड्यात, या अवस्थेला लोक ‘करमत नाही’ म्हणतात आणि बोलण्याच्या ओघात त्याचे ‘करमना झालंय’ होते. सासरी आलेल्या नव्या सुनेला करमत नाही, बदली होऊन आलेल्या तलाठ्याला करमत नाही, मुलगा शिकायला लातूरला गेला की त्याच्या आईला करमत नाही. या शब्दाची सोय अशी की त्याला कारण द्यावे लागत नाही. अडचणही तीच आहे, कारण आठ-पंधरा दिवसांत विरून जाणारी हुरहूर आणि महिनोन्‌महिने माणसाला आतून पोखरणारा आजार ही दोन्ही या एकाच शब्दाखाली खपून जातात. येलेनाचे बोलणे असेच आहे. आपल्याला काय झाले आहे याच्या अगदी जवळ जाऊन ती शेवटच्या क्षणी विनोदाच्या आडोशाला सरते, आणि प्रेक्षक हसतो. सुपरहिरोंच्या चित्रपटांत नैराश्य कसे दाखवले जाते आणि त्याला विनोदाची जोड कशी दिली जाते हे समजून घ्यायचे, तर त्या हसण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

त्याआधी आजाराविषयी थोडे. वैद्यकशास्त्र ज्याला नैराश्य म्हणते ते दुःखापेक्षा वेगळे असते. उदास मन, किंवा पूर्वी ज्यात गोडी होती त्यातली गोडी निघून जाणे, या दोहोंपैकी एक तरी लक्षण किमान दोन आठवडे, जवळपास रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ टिकून असेल. त्याच्या सोबतीला झोप आणि भूक बिघडणे, थकवा, कशात लक्ष न लागणे, आपण निकामी आहोत किंवा सगळे आपल्यामुळेच झाले असे वाटत राहणे, मरणाचे विचार येणे यांपैकी काही लक्षणे असतील. आणि या सगळ्यामुळे रोजचे जगणे अडत असेल, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. रडू येतेच असे नाही. कित्येकांची तक्रार रडूसुद्धा येत नाही अशी असते.

अशा आजाराची गोष्ट पडद्यावर सांगणे अवघड का जाते, हे या वर्णनातूनच कळते. चित्रपटाला हालचाल लागते आणि नैराश्यात हालचालच थांबलेली असते. माणूस अंथरुणात पडून छताकडे पाहत राहतो, आणि ते प्रेक्षकाला पाच मिनिटे दाखवले तर तो मोबाईल काढतो. शिवाय सुपरहिरोच्या गोष्टीला समोर शत्रू लागतो. इथे शत्रू आतच असतो आणि त्याला मुक्का मारता येत नाही. म्हणून हे चित्रपट त्या आजाराला एखादे दिसणारे रूप देतात, कधी सुटलेले पोट, कधी काळी सावली, कधी दारे बंद असलेल्या खोल्या, आणि ते रूप पाहताना प्रेक्षक घाबरून मागे सरू नये म्हणून मध्येमध्ये त्याला हसवतात.

एका बाबतीत मात्र ही पात्रे फार कामाची ठरतात. मराठवाड्यात नैराश्य म्हटले की डोळ्यांसमोर पहिल्यांदा दुष्काळ, नापिकी आणि कर्जबाजारी शेतकरी येतो. ते चित्र खोटे नाही, पण त्याची एवढी सवय झाली आहे की ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही, ज्याच्या विहिरीला पाणी आहे, ज्याला पगार आहे, त्याला नैराश्य येऊ शकते हे लोकांच्या गळी उतरत नाही. ‘सगळं तर आहे, मग ह्याला झालंय तरी काय?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. सुपरहिरोकडे तर सगळे असतेच, अगदी वीज पाडण्याची ताकदही असते, आणि तरीही त्याला अंथरुणातून उठवत नाही. कमतरता आणि आजार या दोन गोष्टींची आपण मारून ठेवलेली गाठ इथे आपोआप सुटते.

‘आयर्न मॅन ३’ हा २०१३ सालचा चित्रपट या वाटेवरचा सुरुवातीचा टप्पा म्हणता येईल, पण तो नैराश्याचा चित्रपट नाही. आधीच्या चित्रपटातल्या न्यूयॉर्कच्या लढाईनंतर टोनी स्टार्कची, म्हणजे यांत्रिक चिलखत घालून लढणाऱ्या आयर्न मॅनची, झोप उडाली आहे, आणि एका उपाहारगृहात लहान मुलीने पुढे केलेल्या चित्रावर सही करता करता त्याचा श्वास कोंडतो. तो धावत जाऊन आपल्या चिलखतात शिरतो आणि यंत्राला हृदय तपासायला सांगतो. हृदय, मेंदू सगळे ठीक आहे, तुम्हाला चिंतेचा तीव्र झटका आला आहे, असे यंत्र सांगते. या झटक्याची जात वेगळी असते. तो अचानक येतो, बहुधा काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो, तर नैराश्य मुक्कामाला येते. या चित्रपटातला सर्वांत मार्मिक विनोद नामावलीनंतर आहे. टोनी आपली सगळी कर्मकहाणी सोबतीचा वीर आणि शास्त्रज्ञ असलेल्या डॉक्टर बॅनरला सांगत असतो आणि बॅनर केव्हाच झोपी गेलेला असतो. जागे केल्यावर तो म्हणतो की मी त्या प्रकारचा डॉक्टर नाही. हसून झाल्यावर ध्यानात येते की एवढ्या श्रीमंत माणसालासुद्धा ऐकून घेणारा योग्य माणूस मिळालेला नाही.

वीज पाडणारा देव असलेल्या थॉरची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. २०१९ सालच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये पाच वर्षांचा काळ लोटल्यावर तो आपल्याला दिसतो. आई, वडील, भाऊ, मित्र, मायभूमी हे सगळे गेले आहे, आणि निम्मी सृष्टी नाहीशी करणाऱ्या थॅनॉसला वेळेवर ठार मारता आले असते पण आपला घाव चुकला, ही टोचणी मागे राहिली आहे. उरलेली प्रजा नॉर्वेच्या किनाऱ्यावरील एका वस्तीत राहते आणि हा राजा अंधाऱ्या घरात बिअर पीत, मित्रांसोबत मोबाईलवर पोरे खेळतात तसला व्हिडिओ गेम खेळत बसलेला असतो. दाढी, जटा, सुटलेले पोट.

ती वस्ती पाहताना लातूर किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला वेगळीच आठवण येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीच, किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे गेली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. सरळ रस्ते, ओळीने घरे, आणि जुन्या गावाचे नाव जसेच्या तसे लावलेली पाटी. या गावांतून मी लहानपणी नातेवाइकांकडे जात असे. तिथे पारावर बसणारा एक गृहस्थ फार विनोदी म्हणून प्रसिद्ध होता, त्याच्या बोलण्यावर सगळी मंडळी पोट धरून हसत, आणि भूकंपाचा विषय निघाला की तो उठून तंबाखू आणायला जाई. थॉरच्या घरात थॅनॉसचे नाव निघते तेव्हा त्याचा मित्र पाहुण्यांना दबक्या आवाजात सांगतो की ते नाव इथे घेत नाहीत, आणि थॉरचा चेहरा क्षणात बदलतो. तो प्रसंग ज्याने लिहिला त्याला असा एखादा पार ठाऊक असणार, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

लक्षणांची नोंद म्हणून पाहिले तर हे चित्रण बरेच नेमके आहे. अपराधीपणा, टाळाटाळ, स्वतःकडे दुर्लक्ष, दारूचा आधार, लोकांपासून तुटलेपण. पण विनोदाचे काय? थॉर पहिल्यांदा उघड्या पोटाने समोर येतो तेव्हा आमच्या चित्रपटगृहात शिट्ट्या पडल्या आणि हशा बराच वेळ चालला, आणि त्यात मीही सामील होतो हे कबूल केले पाहिजे. नंतरही सोबतीचे वीर त्याच्या शरीरावरून टोमणे मारत राहतात आणि पटकथा त्या टोमण्यांच्या बाजूने उभी राहते. आजाराचे लक्षणच हशाचा विषय होते. त्यांच्यातलाच रॉकेट त्याला थोबाडीत मारून ‘तुझंच एकट्याचं गेलंय का’ अशा अर्थाचे सुनावतो, तेही हुबेहूब आपल्याकडच्या काका-मामांच्या समजावणीसारखे आहे. दुःखाची तुलना करून कोणी उठून बसल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि थॉरही त्या व्याख्यानानंतर तिथून सटकतोच.

त्याच चित्रपटात मात्र एक प्रसंग फार सुरेख जमला आहे. काळाच्या प्रवासात २०१३ सालात पोचलेल्या थॉरला त्याची आई भेटते, तीही तिच्या मरणाच्या दिवशी. ती त्याला पाहताक्षणी ओळखते की हा आजचा मुलगा नाही आणि याला भविष्याने चांगले वागवलेले नाही. ती उपदेश करत नाही, आपण जसे असायला हवे तसे होण्यात प्रत्येक जण कमी पडतो, एवढेच सांगते. त्यानंतर थॉर, लायक असेल त्याच्याच हाती येणाऱ्या आपल्या जुन्या हातोड्यासाठी हात पुढे करतो, काही क्षण काहीच घडत नाही, आणि मग हातोडा येतो. आपण अजून लायक आहोत हे कळल्यावर तो लहान मुलासारखा हरखतो आणि प्रेक्षक पुन्हा हसतो, पण हे हसणे आधीच्या हसण्यासारखे नसते. जाता जाता आई भाजीपाला खात जा असे म्हणते, तेही टोचत नाही. आईने म्हटले आहे, आणि त्याच्या पलीकडे जे पाहायचे ते तिने आधीच पाहिले आहे. थॉर शेवटची लढाई त्याच सुटलेल्या पोटाने लढतो, हे या चित्रपटाचे मोठे श्रेय. पुढे २०२२ च्या ‘लव्ह अँड थंडर’ने सुरुवातीच्या काही क्षणांत व्यायामाची झटपट दृश्ये दाखवून तो पूर्ववत पिळदार करून टाकला आणि हे श्रेय बरेचसे घालवले.

हसण्या-हसण्यात हा जो फरक पडतो त्याचा अभ्यास झालेला आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली विनोदाच्या वापराच्या चार पद्धती मांडल्या आणि त्या मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. चारचौघांना जवळ आणणारा विनोद ही एक पद्धत. संकटातही स्वतःला सावरून धरणारा विनोद ही दुसरी. दुसऱ्याला बोचकारणारा तिसरा, आणि लोकांनी आपल्याला स्वीकारावे म्हणून स्वतःलाच खाली पाडणारा चौथा. पहिल्या दोन पद्धती वापरणाऱ्यांत नैराश्य सहसा कमी आढळते, तर चौथ्या पद्धतीचा नैराश्याशी संबंध दिसतो. विनोदामुळे आजार होतो की आजारामुळे विनोद असा होतो, हे मात्र अशा प्रश्नावलीवरून ठरवता येत नाही. ‘एंडगेम’मध्ये थॉरभोवती तिसरा आणि चौथा प्रकार भरपूर आहे, आईच्या प्रसंगात पहिला येतो, आणि हातोडा हाती आल्यावर दुसरा.

आपल्याला हे अगदीच परके नाही. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे लिहिली, आणि विंचू चावल्याचे सोंग घेऊन तडफडणारा माणूस पाहून अजूनही गावोगाव लोक हसतात. हसून सैल झाल्यावर त्यांना सांगितले जाते की हा विंचू कामक्रोधाचा आहे. तोवर ज्याला त्याला आपापली नांगी आठवू लागलेली असते. भारुडात हसणाऱ्याला सोंगाबाहेर राहता येत नाही. थॉरच्या पोटावर हसणारा मात्र आरामात बाहेर राहतो, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

हा आक्षेप मला चित्रपटगृहात सुचला नव्हता. माझा भाचा ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला खोली करून राहतो, दुसऱ्यांदा परीक्षा देतो आहे. गेल्या हिवाळ्यात फोनवर तो म्हणाला, ‘मामा, माझा पार थॉर झालाय.’ मी विचारले, म्हणजे काय? तर अंघोळ नाही, दाढी नाही, अभ्यासिकेत जाणे नाही, दिवसभर मोबाईल. मी खळखळून हसलो, तोही हसला. पुढचे तीन आठवडे हाच विनोद आमच्यात चालू राहिला, मीच फोन लावून ‘काय थॉरराव’ म्हणत असे. चौथ्या आठवड्यात त्याच्या खोलीतल्या मुलाने मला परस्पर फोन करून सांगितले की हा रात्री तीन-साडेतीनला उठून भिंतीला टेकून बसतो आणि मेसला येत नाही. भाच्याने मला सगळी लक्षणे एका शब्दात सांगितली होती. चित्रपटाने त्याला तो शब्द पुरवला, आणि त्याच चित्रपटाने मला त्यावर हसायचे असते हे शिकवले होते.

‘थंडरबोल्ट्स’ मला म्हणूनच वरचढ वाटतो. यातला बॉब हा व्यसनात आणि मारकुट्या बापाच्या आठवणींत अडकलेला तरुण, बरे होण्याच्या आशेने मलेशियातील एका औषधप्रयोगात शिरतो आणि अफाट शक्ती घेऊन बाहेर पडतो. शक्ती वाढते तसे त्याचे दुसरे रूपही वाढते, एक काळी आकृती, जिला चित्रपटात पोकळी म्हटले आहे. ती न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या माणसांना नुसत्या सावल्यांत बदलत जाते. त्या सावलीत शिरलेला माणूस मरत नाही. तो आपल्याच आयुष्यातल्या सर्वांत लाजिरवाण्या प्रसंगांच्या खोल्यांत अडकतो, एका खोलीतून दुसरीत. सतत मागचेच उगाळत राहणे हे नैराश्यातले मोठे दुखणे असते, आणि ते दाखवण्यासाठी याहून चांगली प्रतिमा मी या प्रकारच्या चित्रपटात पाहिलेली नाही. बॉबचा आजार निव्वळ नैराश्याचा मात्र वाटत नाही. त्याचे मन एकदा आकाशाला भिडते आणि एकदा तळाला जाते, आणि अशा चढउतारांत डॉक्टर वेगळ्या निदानाचाही विचार करतात. चित्रपट कोणतेच नाव घेत नाही.

आणि एवढे सगळे असून चित्रपट हसरा आहे. येलेनाला वाढवणारा अलेक्सी हा बडबड्या, बढाईखोर बाप्या, भाड्याची लिमोझीन चालवणारा, तुटपुंज्या कीर्तीवर जगणारा. पण भर रस्त्यात येलेना फुटते, आपण किती एकट्या आहोत, रोज मोबाईल पाहत बसतो आणि केलेली पापे आठवतो असे सांगते, तेव्हा हा विदूषक पळून जात नाही. तिच्या लहानपणीच्या फुटबॉल संघाची आठवण तो काढतो. एकही सामना न जिंकलेला संघ. चित्रपटाला नावही त्या संघाचेच मिळाले आहे. इथे विनोदाचे काम सोबत करण्याचे आहे. शेवटी बॉब आपल्या पोकळीला मुक्के मारू लागतो, आणि जितके मारतो तितका तिच्यात बुडत जातो. येलेना आणि बाकीचे येऊन त्याला धरून ठेवतात, तेव्हा ते थांबते. स्वतःवर चिडून नैराश्य हटत नाही, एवढे वैद्यकीय सत्य त्यात आहे. मिठीने हटते, असे मात्र कोणी समजू नये.

त्यापुढे काय होते ते चित्रपट दाखवत नाहीत, कारण त्यात पाहण्यासारखे काही नसते. समुपदेशनाच्या बैठका असतात, आणि मध्यम किंवा तीव्र आजारात गोळ्या, ज्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही त्या कित्येक महिने, डॉक्टर सांगतील तोवर घ्याव्या लागतात. मध्येच मनाने बंद केल्या तर त्रास होतो. यांशिवाय एक उपचारपद्धती अशी आहे की ज्यात मन लागण्याची वाट न पाहता माणसाला रोजची छोटी कामे ठरवून करायला लावतात: उठून तोंड धुणे, कोपऱ्यापर्यंत चालणे, एक भांडे घासणे. गोडी आधी आणि काम नंतर, हा आपला नेहमीचा क्रम तिथे उलटा केला जातो. ‘थंडरबोल्ट्स’च्या शेवटच्या दृश्यात महिने उलटल्यावर सगळे जगाच्या संकटावर बोलत असताना बॉब सांगतो की ती शक्ती मला आता वापरता येत नाही, पण मी भांडी घासली आहेत. चित्रपटगृहात हशा होतो. मानसोपचारतज्ज्ञाने ती वाक्ये ऐकली तर तो वहीत नोंद करील.

मदत कुठे मिळते, हेही सांगितले पाहिजे. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देण्याचे बंधन घातले आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

भाच्याला त्याच्या आईने आणि मी मिळून डॉक्टरांकडे नेले. वाटेत एसटीत तो एकच वाक्य बोलला, की मला वेड लागले आहे असे गावात सांगू नका. परवा फोनवर मी त्याला बॉबचे भांडी घासण्याचे दृश्य मोठ्या कौतुकाने समजावून सांगत होतो. तो म्हणाला, ‘मामा, आमच्या मेसला ताट आपलं आपणच धुवावं लागतं, त्यात कसला आलाय सुपरहिरो?’ मी हसलो, आणि या वेळी हसून झाल्यावर फोन ठेवला नाही. थोडा वेळ दोन्हीकडे कोणी बोलले नाही. मग त्याने आपणहून सांगितले की गोळ्यांचा पाचवा आठवडा चालू आहे, भूक लागते, पण झोप अजून साडेतीनलाच मोडते.